बिझनेस स्कूलचा नकार : पुन्हा अर्ज करायचा का?

२०२५ च्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होते. तिळगूळ वाटता वाटता मी पंचवीस-तीस जणींना सांगून टाकले, की आमच्या धाकट्याने एमबीएसाठी चार शाळांना अर्ज केले आहेत आणि मार्चअखेर निकाल आहेत. त्याने मला कुणाला सांगू नकोस असे बजावले नव्हते. पण सांग, असेही म्हटले नव्हते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन शाळांनी नकार कळवला आणि चौथीने वेटलिस्टवर टाकले. लगेच ३० तारखेला, रविवारी, मंडळाचा गुढीपाडवा. श्रीखंडाच्या रांगेत उभी होते तेवढ्यात तीन मैत्रिणींनी विचारले, "काय ग, कुठे मिळाली अ‍ॅडमिशन?" मी म्हटले, "अजून कळलं नाही." सणाच्या दिवशी खोटे बोलले. चौथ्या शाळेनेही मे महिन्यात नाही म्हटले, तोपर्यंत हे खोटे मी सात-आठ वेळा बोलून झाले होते.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता पंचविशी-तिशीतली मुले-मुली आहेत आणि दर वर्षी मार्चमध्ये त्यांतल्या काहींना असे पत्र येते. त्याविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. मी डॉक्टर नाही. हिशेबाच्या खात्यात नोकरी करते, त्यामुळे पैशांचे थोडेफार कळते. बाकीचे जे लिहिते आहे ते आई म्हणून केलेल्या चुकांमधून शिकलेले आहे.

पहिली चूक अशी, की आम्ही त्या नकाराकडे मराठी डोळ्यांनी पाहिले. आमच्या पिढीला नकार नवा नाही. बारावीचे मार्क, मेडिकल-इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट, कट-ऑफ हे सगळे आम्ही भोगलेले आहे. दोन मार्कांनी हुकलेल्या मेडिकलची गोष्ट इथे येऊन पस्तीस वर्षे झाली तरी पॉटलकला निघते. पण त्या नकारात एक सोय होती. रेघ कुठे मारली ते कॉलेजच्या बोर्डावर लावलेले असायचे. आपण रेघेच्या खाली का, हे कळायचे. ज्याची इच्छा असेल तो एक वर्ष घरी बसून 'रिपीट' करायचा, दुसरा क्लास लावायचा आणि आणखी मार्क आणायचा.

इथे अशी रेघच नाही. हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी सुमारे ९,९०० अर्ज आले आणि वर्गात बसले ते ९३०. स्टॅनफर्डला ७,००० च्या वर अर्ज आणि वर्ग साधारण सव्वाचारशेचा. म्हणजे नाकारलेल्यांत उत्तम मार्कांची, चांगल्या नोकरीतली मुले ढिगाने असतात. कारण कळवायचे बंधन शाळेवर नसते आणि बहुतेक शाळा कळवतही नाहीत. काही थोड्या शाळा नाकारलेल्या उमेदवाराला नंतर अभिप्राय देतात. तशी सोय असेल तर ती जरूर घ्यावी. पण ती मागायला आई-बाबांनी फोन करू नये. (हे लिहावे लागते, कारण आमच्या घरात फोन हातात घेतला गेला होता.)

ह्यांचा पहिला सल्ला अर्थातच "जीमॅट परत दे" हा होता. मेरिट लिस्टवर वाढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? इथे वडीलधाऱ्यांसाठी एक माहिती देते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅट बदलली आणि जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. नवी सव्वादोन तासांची आहे, तिच्यात निबंध नाही आणि गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर असतात. नव्या परीक्षेतले ६४५ हे जुन्या ७०० च्या तोडीचे धरतात. तेव्हा पुतण्याला ६५५ पडले म्हणून "सातशेसुद्धा नाहीत?" असे विचारण्यापूर्वी जरा थांबावे. गुण पाच वर्षे चालतात आणि बऱ्याच शाळा जीमॅटऐवजी जीआरईसुद्धा घेतात. शाळेच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा गुण बरेच खाली असतील तर परीक्षा परत देण्यात अर्थ आहे. आमच्या मुलाचे तसे नव्हते.

आता तब्येतीविषयी, कारण घरात आधी बिघडली ती तब्येत. पहिले दोन आठवडे तो "मी ठीक आहे" म्हणत होता. मग फोन उचलेनासा झाला. मे महिन्यात आम्ही दोघे अडीच तास गाडी चालवून त्याच्याकडे गेलो, तर फ्रीजमध्ये मी फेब्रुवारीत दिलेल्या पोळ्या तशाच होत्या. रात्री तीन-चारपर्यंत जागा, सकाळी कसाबसा ऑफिसात, शनिवार-रविवार अंथरुणात. मला वाटत होते चार दिवसांचे रुसणे आहे. नंतर समजले, की उदास मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे आणि त्याबरोबर झोप, भूक, लक्ष यांतला बिघाड असे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टर त्याकडे नैराश्य म्हणून पाहतात आणि त्यावर उपचार आहेत. नकार 'मनाला लागतो' असे आपण म्हणतो त्यातही काही तथ्य आहे. २००३ साली 'सायन्स' मासिकात आलेल्या नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात, खेळातून वगळल्या गेलेल्या माणसांच्या मेंदूत जो भाग जागा झालेला दिसला, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही जागा होणाऱ्या भागांपैकी होता.

त्याच्या कंपनीत एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम होता. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत असतो. समुपदेशकाकडच्या पहिल्या काही भेटी फुकट असतात आणि साहेबाला कळत नाही. त्याला तो माहीत होता, पण "माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक आहेत" म्हणून गेला नव्हता. शेवटी गेला. माझ्यासाठी सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे त्याला सरळ विचारणे, की तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. तो म्हणाला, "नाही ग आई, पण विचारलंस ते बरं केलंस." उत्तर 'हो' असे आले असते, तर २०२२ च्या जुलैपासून ९८८ हा क्रमांक देशभर सुरू आहे. रात्री-अपरात्री केव्हाही फोन किंवा टेक्स्ट करता येतो. तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्यावा.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट झाली. मी म्हटले, "अरे, आम्हाला त्याचं काही वाटत नाही." तो म्हणाला, "मग पाडव्याला सगळ्यांना खोटं का सांगितलंस?" कुणाकडून कळले कोण जाणे. या देशात मराठी बातमी फारच लवकर पोचते. मला उत्तर देता आले नाही. गाडीत परत येताना ह्यांनी कबूल केले, की नकार वाचून त्यांना मुलाआधी भावाचा चेहरा आठवला होता, पुण्याला फोन करून सांगावे लागेल म्हणून. आपल्या घरांत मुलाचे दुःख आणि आपला पाणउतारा एकाच पातेल्यात शिजतात. ते वेगळे केल्याशिवाय 'पुन्हा अर्ज करायचा का' या प्रश्नाला हात घालू नये. आम्ही ठरवले, की जूनअखेरपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक शाळांत सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, त्यामुळे एवढा वेळ हातात होता.

मधल्या काळात आप्तेष्टांनी वॉरन बफे यांची गोष्ट पाठवली. एकूण सहा वेळा. १९५० साली हार्वर्डने बफेंना नाकारले आणि पुढे ते जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाले. दुःखात असलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला ही गोष्ट ऐकवून काय साधते मला कळत नाही. नाकारलेले बाकीचे सगळे अब्जाधीश झालेले नाहीत. पण पुस्तकातून ती नीट वाचली तेव्हा तिच्यातला कामाचा भाग सापडला आणि तो कोणीच सांगत नाही. तेव्हा एकोणीस वर्षांच्या बफेंनी हार्वर्डला परत अर्ज केला नाही. कोलंबियाचे माहितीपत्रक चाळताना त्यांना दिसले, की ज्यांचे 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' वाचून ते भारावले होते ते बेंजामिन ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डॉड तिथे शिकवतात. त्यांनी थेट डॉडना पत्र लिहिले, उशीर झालेला असूनही प्रवेश मिळाला आणि १९५१ मध्ये पदवी घेतली. म्हणजे शाळेच्या नावापेक्षा कुणाकडून काय शिकायचे हे त्यांनी आधी पाहिले. जुलैमध्ये मुलाला मी इतकेच विचारले, "तुला तिथे जाऊन काय शिकायचं होतं?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "खरं सांगू? नोकरीत अडकल्यासारखं वाटत होतं. आणि बरोबरचे सगळे जात होते."

हे उत्तर लाजिरवाणे नाही. पण या कारणासाठी दोन वर्षे आणि लाखो डॉलर्स घालायचे का, याचा विचार व्हायला हवा होता, आणि आमच्या घरात तो पहिल्या खेपेला झालाच नव्हता.

मग त्याने आपले जुने अर्ज काढले. परत अर्ज करणाऱ्याने पाहायच्या काही गोष्टी त्याच्याकडूनच समजल्या. मुलाखतीला न बोलावताच नकार आला असेल तर अडचण बहुधा कागदात असते : गुण, अनुभव, निबंध किंवा शिफारसपत्रे. मुलाखत होऊन नकार आला असेल तर कागद पुरेसा होता, बोलण्यात किंवा जागांच्या गणितात गेले. (काही शाळा जवळजवळ सर्वांनाच मुलाखत देतात, तिथे हा अंदाज चालत नाही.) अनुभवही मोजावा लागतो. नावाजलेल्या शाळांत वर्गाचा सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. दोन वर्षांच्या अनुभवावर नाकारलेल्या मुलीला आणखी दोन वर्षे काम करणे हाच उपाय असू शकतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शिफारस करणारा मोठ्या हुद्द्याचा असण्यापेक्षा रोजचे काम पाहणारा असलेला बरा. आमच्या मुलाने व्हाइस प्रेसिडेंटचे पत्र घेतले होते. त्यांची आणि याची भेट तीन वेळा झाली होती.

सगळ्यात बोचले ते निबंधाचे. ऑफिसातल्या त्याच्या मॅनेजरबाईंनी तो वाचला आणि विचारले, "यात तू कुठे आहेस?" निबंध आमच्यावर होता. बाबा दोन बॅगा घेऊन केनेडी विमानतळावर कसे उतरले, आईने रात्री कम्युनिटी कॉलेजात जाऊन अकाउंटिंग कसे केले, वगैरे. मी तो वाचून रडले होते आणि "अगदी असाच पाठव" म्हटले होते. शाळेला प्रवेश द्यायचा होता मुलाला, आणि तिला दिसले त्याचे आई-बाप.

मेरिट लिस्टची सवय इथे परत नडते. आपण समजतो तोच पेपर पुन्हा द्यायचा, जास्त अभ्यास करून. व्हॉर्टन, केलॉग, कोलंबिया अशा शाळा परत अर्ज करणाऱ्याला वेगळा छोटा निबंध लिहायला लावतात. त्यातला प्रश्न साधारण हाच, की मागच्या अर्जानंतर तुमच्यात आणि कामात काय बदलले. जुना अर्ज त्यांच्याकडे असतोच. सांगण्यासारखे काही घडलेले नसेल तर शब्द फिरवून उपयोग नाही, त्या वर्षी अर्ज न केलेला बरा.

आता पैसा. मोठ्या शाळांत पूर्ण वेळ एमबीएची फीच वर्षाला ७५,००० डॉलर्सच्या पुढे गेली आहे. राहणे, जेवण, विमा धरून खर्च वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास जातो. पण खरा हिशेब थोडा वेगळा मांडावा. राहण्या-जेवण्याचा खर्च नोकरीत असतानाही होतोच, तो यात धरू नये. उलट बुडणारा पगार धरावा. समजा फी आणि इतर शुल्के वर्षाला ८०,००० आणि कर जाऊन हातात येणारा पगार ७०,०००. दोन वर्षांचे झाले तीन लाख. त्यात कंपनी ४०१(के) मध्ये जो हिस्सा घालते तोही जातो. सव्विशी ओलांडली असल्याने आई-बाबांच्या आरोग्यविम्यावर परत येता येत नाही, तेव्हा शाळेचा विमा घ्यावा लागतो. यातले दीड लाख ८ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर महिना सुमारे १,८२० डॉलर्सचा हप्ता पडतो.

कर्जाचे नियमही याच उन्हाळ्यात बदलले. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केले. आधी त्यातून फीपासून राहण्यापर्यंतचा सगळा खर्च निघत असे. नव्या नियमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर्स एवढीच सरकारी मर्यादा आहे. डॉक्टर-वकिलांच्या शिक्षणाला ती जास्त आहे, एमबीएला नाही. बाकीचे खासगी कर्ज, आणि तिथे बहुधा सहीला आई किंवा बाबा लागतात. को-साइन करणे म्हणजे जामीन राहणे. मुलाचा हप्ता चुकला तर आपला क्रेडिट रेकॉर्ड बिघडतो. आपल्याकडे जामीन राहून घर गेलेली एखादी गोष्ट प्रत्येकाच्या आजोळी असते. ती विसरू नये.

ह्यांनी लगेच ४०१(के) मधून ५०,००० काढायची तयारी दाखवली. मी कागद पुढे ठेवला. ती रक्कम तिथेच राहिली आणि वर्षाला ६ टक्के वाढली, तर दहा वर्षांत साधारण ९०,००० होते. मुलाला शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, निवृत्तीसाठी कर्ज कोणी देत नाही. घरावर कर्ज काढून फी भरली तर त्या व्याजाची करातली वजावटही २०१८ पासून मिळत नाही. ५२९ खात्यात मुलाच्या कॉलेजनंतर काही उरले असेल तर मात्र ते एमबीएसाठी वापरता येते आणि नाहीच लागले तर भावंडाच्या नावे करता येते. खाते पंधरा वर्षे जुने असेल तर २०२४ पासून त्यातले आयुष्यभरात ३५,००० पर्यंत, दरवर्षीच्या मर्यादेत, मुलाच्या रॉथ आयआरएत हलवता येतात. म्हणजे नकार आला म्हणून साठवलेले वाया जात नाही.

नोकरी न सोडता शिकण्याचे मार्गही आता बरेच आहेत. संध्याकाळचे वर्ग तर आहेतच. इंडियाना विद्यापीठाचे केली स्कूल १९९९ पासून ऑनलाइन एमबीए देते. इलिनॉय विद्यापीठाने २०१९ मध्ये नेहमीच्या पूर्ण वेळ एमबीएचे प्रवेश थांबवून ऑनलाइनवरच भर द्यायचे ठरवले. कंपनीने दिलेली वर्षाला ५,२५० डॉलर्सपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त असते. मात्र क्षेत्रच बदलायचे असेल तर पूर्ण वेळ शाळेत मिळणारी उन्हाळी इंटर्नशिप महत्त्वाची ठरते, ती संध्याकाळच्या वर्गाने सहसा साधत नाही. हे मी ह्यांना समजावत होते, तर मुलगा म्हणाला, "बाबा, मला यातलं काय हवंय ते अजून मला कुणी विचारलेलं नाही." घरात थोडी शांतता पसरली. ह्यांनी कागद गोळा केला आणि चहा टाकला.

ऑगस्टमध्ये त्याने ऑफिसात दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली, ती मिळाली, आणि अडकल्यासारखे वाटणे बरेच कमी झाले. तरीही त्याने दोन अर्ज करायचे ठरवले. चार नाही, दोनच. खर्चाचा स्वतःचा आकडा त्याने आखला आहे. तेवढी शिष्यवृत्ती मिळाली नाही तर प्रवेश मिळूनही जाणार नाही म्हणतो. शिफारसपत्र मॅनेजरबाईंनी दिले. निबंध त्याने मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

२०२६ च्या हळदीकुंकवाला त्याच तीन मैत्रिणी आल्या आणि तिळगूळ हातावर पडायच्या आत विचारते झाल्या, "या वर्षी कुठे कुठे केलाय अर्ज?" मी म्हटले, "दोन शाळांना केलाय, पण कुठल्या ते त्याने आम्हाला सांगितलेलं नाही." त्यांना ते खोटे वाटले असणार. एकीने मात्र जाताना चपला घालता घालता मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाली, "आमच्या हिलाही गेल्या वर्षी नकारच आला होता ग. मी कुणाला बोलले नाही." आम्ही दोघी तिथेच, थंडीत, दार उघडे टाकून अर्धा तास बोलत उभ्या राहिलो.